भांडून आलेली पुस्तकं

“चला... आता पुस्तकांचा प्रश्न मिटला.”

शोकसभेतली स्तब्धता नुकतीच संपली होती. शिक्षकांच्या खोलीत खुर्च्या सरकत होत्या, फोटोपुढची उदबत्ती अर्धीही जळली नव्हती, आणि माझ्या मागच्या रांगेतून हे वाक्य आलं. बोलणाऱ्या सरांचा आवाज कडवट नव्हता. लग्नाचा मांडव उतरल्यावर घरचा माणूस सुस्कारा सोडतो, तसा होता. शेजारचे सर हळूच हसले आणि म्हणाले, “हाव ना. परीक्षा जवळ आली का बाईचं भांडण सुरू.” मी मागे वळून पाहिलं नाही. वळून पाहण्याची मला सवय नाही. मी ऐकते, आणि ऐकलेलं जपून ठेवते. फोटोतल्या भोयर मॅडम मात्र सरळ त्या रांगेकडेच बघत होत्या, भुवया थोड्या वर उचलून. मिटला? कोणाचा मिटला?

त्यानंतर एकेक जण उठून बोलला. मॅडम शांत होत्या, मनमिळाऊ होत्या, कधी कोणाला दुखावलं नाही, असं सगळ्यांनी सांगितलं. मी हे लिहायला बसले त्याचं एक कारण हेच आहे. कुमुद भोयर शांत नव्हत्या. मनमिळाऊ तर मुळीच नव्हत्या. त्यांनी आमच्या शाळेतल्या जवळजवळ प्रत्येकाला कधी ना कधी दुखावलं होतं, मलाही. माणूस गेल्यावर त्याला असं गुळगुळीत करून टाकणं मला मान्य नाही. त्या असत्या तर म्हणाल्या असत्या, हे भाषण घरी जाऊन आलं नाही वाटतं.

हे घरी जाऊन येणं काय, ते आधी सांगायला हवं. वर्धा शहर संपून बोरगाव मेघे लागतं त्या बाजूला आमची शाळा आहे. मॅडम तिथे पाचवीपासून वरच्या वर्गांना गणित शिकवायच्या आणि पुस्तकनिवडीचं काम त्यांच्याकडे होतं. सरकारी पाठ्यपुस्तकं ठरलेलीच असतात. पण त्यांच्या जोडीला वर्गात ठेवायची पुस्तकं, म्हणजे गणिताच्या सरावाची, गोष्टींची, इतिहासाची, ती शाळेनं निवडायची असतात. वर्ष संपत आलं की प्रकाशकांची माणसं नमुना प्रती घेऊन येतात. बहुतेक ठिकाणी त्या टेबलावर चाळल्या जातात, चहा होतो, निवड होते. मॅडमनी आपल्या जुन्या सुती साड्या फाडून नाडीच्या पिशव्या शिवल्या होत्या. वर्गाच्या मागच्या भिंतीवर खुंट्यांना त्या टांगलेल्या असत. एक नमुना प्रत एका पिशवीत, आणि ती पिशवी एका मुलाच्या घरी. तिथून दुसऱ्याच्या, तिथून तिसऱ्याच्या. मुलानं घरी ते मोठ्यानं वाचायचं आणि परत आणताना एवढंच सांगायचं, की घरी पुस्तकाशी कोण भांडलं आणि कशावरून. ज्या पुस्तकाशी कोणी ना कोणी भांडलं, ते वर्गात यायचं. ज्याच्याशी कोणीच भांडलं नाही, ते परत जायचं.

मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला वाटलं, मला भाषा नीट समजली नाही. तसं वाटायला कारण होतं. आमचं घर दुकानदारांचं, वडिलांचं कापडाचं दुकान. घरात मराठी आणि हिंदी एकाच वाक्यात नांदतात, आणि शिक्षण बालवाडीपासून इंग्रजीत. मी मराठी बोलते चांगली, पण नोकरीला लागले तेव्हा मोठ्यानं वाचताना जोडाक्षर आलं की माझी जीभ अडायची. हे कोणाला कळू नये म्हणून मी मीटिंगमध्ये शेवटच्या खुर्चीत बसायचे आणि पाणी प्यायचे. मॅडमना ते पहिल्याच आठवड्यात कळलं. त्यांनी इतिहासाची एक नमुना प्रत माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, “सहावीत चाल. मोठ्यानं वाचजो.”

मी म्हटलं, “मॅडम, माझं वाचन...”

“म्हणून तं तुले देऊन राह्यली. मी वाचलं तं कोणतंही पुस्तक सोपंच वाटते पोरांले.”

मी वाचलं. अडखळले. मुलं हसली, आणि माझे कान इतके तापले की आजही आठवलं की तापतात. मॅडम मागच्या बाकावर मुलांमध्ये बसून पेन्सिलीनं खुणा करत होत्या. तास संपत आला तेव्हा त्या उठल्या आणि वर्गाला विचारलं, मिस जिथं जिथं अडल्या, तिथं चूक कोणाची? मिसची का पुस्तकाची? मुलांनी प्रत्येक खुणेवर वाद घातला. काही ठिकाणी माझी चूक निघाली, ती त्यांनी न संकोचता सांगितली. पण बऱ्याच ठिकाणी मुलंच म्हणाली, हे वाक्य आम्हालाही वाचता येत नाही, हे असं कोण बोलतं? मला मॅडमचा राग आला होता. तो अख्खा आठवडा मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांनी माफी मागितली नाही. पुढच्या आठवड्यात दुसरं पुस्तक आणून दिलं, एवढंच. पुढे मला कळलं, की शाळेत मी जी गोष्ट लपवत होते, तिचा त्यांना उपयोग होता. असं त्याआधी मला कोणी सांगितलं नव्हतं.

त्या वर्षी गोष्टींचं एक पुस्तक आलं होतं. गुळगुळीत कागद, प्रत्येक गोष्टीच्या शेवटी चौकटीत बोध. ते सगळ्या घरी फिरून आलं, आणि प्रत्येक मूल एकच शब्द घेऊन आलं, छान. प्रकाशकाचा माणूस खूश झाला. “पाहा मॅडम, एक तक्रार नाही!”

“म्हणूनच नको जी,” मॅडम म्हणाल्या. “छान म्हंजे कोणी वाचलंच नाई. घरी कोणी म्हणते का तुमच्या, की जेवण छान झालं? मीठ कमी म्हणते, नाई तं तिखट जास्त म्हणते. जो जेवला तोच बोलते.”

तो म्हणाला, “पण मॅडम, बाकी शाळांनी घेतलं आहे.”

“मंग तुमचं काय अडलं? चहा घ्या.”

त्याच खेपेला दुसरं एक पुस्तक होतं. त्यातल्या गोष्टीतली आई पहिल्या पानापासून रडते. ते नालवाडीत एका घरी गेलं. त्या मुलीची आई किराणा दुकान चालवते. मुलगी वाचत असताना ती मध्येच थांबवून म्हणाली, “ही बाई दिवसभर रडूनच राह्यली, तं हिच्या घरी पोळ्या कोण लाटते?” मुलीनं हे वर्गात आईच्याच आवाजात सांगितलं आणि वर्ग हसून कोसळला. मॅडमनी ते पुस्तक घेतलं. मी चकित होऊन विचारलं, की ज्याची एवढी थट्टा झाली ते का? त्या म्हणाल्या, “थट्टा झाली म्हंजे ते घरात बसलं ना. आता पोरं त्या आईले पोळ्या लाटायले लावतील.” आणि मुलांनी खरंच ती गोष्ट पुन्हा लिहिली. एकीनं त्या आईला दुकान काढून दिलं.

पण मला सगळ्यात आठवतं ते कुंपणाचं गणित. चौकोनी शेत, लांबी इतकी, रुंदी इतकी, चारही बाजूंनी तारेचं कुंपण घालायचं, तार किती लागेल? पाचवीतली पायल हे पुस्तक घरी घेऊन गेली होती. ती परत आली ती हसतच. “मॅडम, बाबा म्हणे, चारी बाजूनं तार लावली तं मी आत कुठून जाऊ? उडी मारू? अन् बैलं काय उडत जातील?”

फाटक नव्हतं. पुस्तकानं शेत दिलं, तार दिली, आत जायला वाट ठेवली नाही. मॅडमनी फळ्यावर शेत काढलं, आणि खडू हातात धरून उभ्या राहिल्या. “तं फाटक कुठं ठेवू? बाबाले विचारून येजो. अन् केवढं ठेवू तेही विचारजो. नुसतं हसून नाई चालत म्हणा, हसले तं माप द्या.” दुसऱ्या दिवशी पायल माप घेऊन आली. त्यावर दुसऱ्या घरातून वाद आला, की एवढ्या फाटकातून ट्रॅक्टर जाणार नाही. तिसऱ्या घरातून आला, की फाटक दोन लागतात. चार दिवस पाचवीत दुसरं काही झालं नाही. अभ्यासक्रम मागे पडतो म्हणून मुख्याध्यापक येऊन गेले. शेवटी वर्गाचं जे उत्तर निघालं ते पुस्तकाच्या मागे छापलेल्या उत्तराशी जुळलं नाही. एका मुलानं विचारलं, मागचं उत्तर खोडू का? मॅडम म्हणाल्या, “काऊन? बरोबर हाय ते. ते बिनफाटकाच्या शेताचं उत्तर हाय. आपलं शेत दुसरं.”

मी त्या वेळी मागे उभी होते. गणित हा विषय मला शाळेत कधी आवडला नाही. आमच्या शाळेत उत्तर मागे असायचं, आणि आपलं उत्तर वेगळं आलं की आपण चुकलो, एवढं ठरलेलं असायचं. आपलं शेत दुसरं असू शकतं, हे मला पंचविशीत कळलं.

मॅडमशी मी एकदाच वाद घातला, तोही तोंडानं नाही. त्या इंग्रजी पुस्तकं घरी पाठवत नसत. घरी कोणी वाचत नाही, तर भांडणार कोण, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटलं नव्हतं. पण बोलणार कोण... मी एक इंग्रजी गोष्टींचं पुस्तक त्यांना न विचारता एका पिशवीत घातलं आणि पाठवून दिलं. ते परत आलं तेव्हा मुलगा म्हणाला, “आईनं चित्रं पाह्यली. म्हणे, या लोकायच्या घरात धूर छतातून काऊन निघते? चूल वर हाय का?” मॅडम माझ्याकडे बघतच राहिल्या. मला वाटलं, आता रागावतील. त्या एवढ्या मोठ्यानं हसल्या, की शेजारच्या वर्गातून सर बघायला आले. “पोरी, तू तं छुपी रुस्तम निघाली. उद्यापासून इंग्रजीच्या पिशव्या तुह्या.”

मग ते इतिहासाचं पुस्तक आलं. मॅडमचं माहेर आष्टीकडचं. बेचाळीसच्या चळवळीतल्या, तिथल्या गोळीबाराच्या गोष्टी तिकडे अजून घरोघरी सांगितल्या जातात. पुस्तकात स्वातंत्र्यलढ्यावर भरपूर पानं होती, आणि त्यात आष्टीला एक ओळ. ते एका मुलाच्या घरी गेलं. त्याची आजीही तिकडचीच. तिनं ती ओळ ऐकली, पुढचं ऐकायला थांबली, आणि पुढे काही येईना तेव्हा म्हणाली, “एवढंच?” मुलगा वर्गात तेवढाच शब्द घेऊन आला. एवढंच? मला वाटलं होतं, मॅडम हे पुस्तक फेकून देतील. त्यांनी ते घेतलं, आणि त्या पानाला कोरे कागद शिवले. ज्याच्या घरी पुस्तक जाईल त्यानं घरच्यांना विचारून तिथं लिहायचं. दोन घरांनी दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या तर दोन्ही लिहायच्या, खाली सांगणाऱ्याचं नाव. कोरे कागद भरत गेले. काही गोष्टी एकमेकींच्या अगदी उलट होत्या. मुलं त्यावर तावातावानं बोलू लागली, घरीही. आणि एका पालकानं संस्थेच्या सचिवांना फोन केला.

मीटिंग झाली. मी नेहमीप्रमाणे शेवटच्या खुर्चीत. सचिव तसे सभ्य माणूस आहेत. ते म्हणाले, “मॅडम, लोक म्हणतात शाळा पोरांना उलटं बोलायला शिकवते.”

“हाव सर. पुस्तकाले उलटं बोलायले शिकवतो. घरच्यायले नाई.”

“पण इतिहासात वाद कशाला काढायचा?”

“इतिहास घरी नेला अन् कोणी काहीच बोललं नाई, तं तो इतिहास नाई सर, कॅलेंडर हाय. खिळ्याले टांगा.”

पुस्तक राहिलं, पण त्या दिवसापासून मॅडमच्या शेजारची खुर्ची मीटिंगमध्ये रिकामी राहू लागली. त्यांनी ते बघितलं, आणि पर्स त्या खुर्चीत ठेवली. मी उठून तिथे बसायला हवं होतं असं कोणी म्हणेल. म्हणू दे. माझी नेमणूक तेव्हाही कायम नव्हती, आजही नाही. मॅडमनी मला कधी बोलावलंही नाही. दुसऱ्याच्या जिवावर त्या लढत नसत.

या वर्षी परीक्षेच्या आधी त्या आजारी पडल्या. दवाखान्यात मी भेटायला गेले तेव्हा हाताला सलाइन होतं आणि आवाज बारीक झाला होता. मी काहीतरी बरं वाटेल असं बोलायच्या तयारीत होते. त्यांनी विचारलं, “नमुने आले काय?” म्हटलं, आले. “पिशव्या धुतल्या काय?” म्हटलं, तुम्ही आल्यावर धुऊ, मग पाठवू. त्या एकदम चिडल्या. नर्स आत डोकावली. “माही काऊन वाट पाहून राह्यली? पुस्तक घरी जायले पाह्यजे, मी नाई.” मग बराच वेळ डोळे मिटून पडल्या. मला वाटलं झोपल्या. मी उठले तेव्हा डोळे न उघडताच म्हणाल्या, “मीटिंगमधी बोलजो.” मी दाराशी थोडी थांबले आणि निघाले...

बातमी शाळेच्या ग्रुपवर आली. खाली एकामागून एक जोडलेले हात. मी हात जोडले नाहीत. फोन पालथा ठेवला आणि सहावीच्या वर्गात गेले. मुलं मैदानात होती. मागच्या भिंतीवर पिशव्या होत्या, एक आमसुली, एक शेवाळी, त्यांच्या त्या निळ्या साडीच्या बऱ्याचशा. ती निळी साडी त्या पालकसभेला नेसायच्या. काठ अजून चमकत होता.

शोकसभेनंतर काही दिवसांनी वर्गांना रंग द्यायचं काम निघालं. मी गेले तेव्हा पिशव्यांचं गाठोडं दाराशी पडलं होतं, फळे पुसायला म्हणून. मी ते उचललं. कोणाला विचारलं नाही, आणि कोणी मला अडवलंही नाही. घरी आणून धुतल्या, गच्चीवर वाळत घातल्या. आई वर आली, कापड बोटांत धरून बघितलं. कापडाच्या घरातली बाई ती. “अच्छा सुती माल आहे. कोणाच्या साड्या गं ह्या?” मी सांगितलं. रात्री जेवताना वडील म्हणाले, “बेटा, शाळेच्या भानगडीत तू पडू नको. आधी परमनंट हो.” मी मान खाली घालून जेवत राहिले. आईनं माझ्या ताटात भात वाढला आणि म्हणाली, “पिशव्यांना इस्त्री करून देऊ का?”

मीटिंग गेल्या आठवड्यात झाली. टेबलावर एकाच प्रकाशकाचा तयार संच होता. गणित, भाषा, इतिहास, तिन्हींची मुखपृष्ठं एकसारखी, सोबत शिक्षकांसाठी उत्तरांची पुस्तिका. सोय मोठी आहे, हे मी नाकारत नाही. मी गणिताचं पुस्तक उघडलं. शेत होतं. चौकोनी. चारही बाजूंनी तार.

सचिव म्हणाले, “मॅडम गेल्या, त्यांची उणीव भरून येणार नाही. पण आता सगळं सुटसुटीत करू. सर्वानुमते, असं लिहायचं ना?” शोकसभेत ‘प्रश्न मिटला’ म्हणणारे सर म्हणाले, लिहा. लेखणी कागदावर टेकली. भिंतीला नवा पांढरा रंग होता आणि त्याचा वास येत होता. मॅडमची खुर्ची कोणीतरी टेबलाच्या टोकाला लावून ठेवली होती. मी माझ्या शेवटच्या खुर्चीतून उठले. कान तापले होते, तसेच, सहावीच्या वर्गात तापले होते तसे. सगळे माझ्याकडे बघू लागले. आवाज कापला, तो मी कापू दिला.

मी म्हणाले, “सर्वानुमते लिहू नका, सर. ही पुस्तकं अजून कोणाच्या घरी जाऊन आलेली नाहीत. आधी जाऊन येऊ द्या. पिशव्या माझ्याजवळ आहेत.”